तीनशे चाळीस नंबरची मतपत्रिका

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे, आणि आपण कधी चुकतच नाही असं मला पन्नास वर्षं वाटत होतं. हसा आता. गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगाच नाही. पण माझ्या गर्वाचं घर पडलं तेव्हा त्याच्याखाली दुसरंच माणूस सापडलं, म्हणून तर हे सांगायला बसलोय.

आधी मी कोण ते ऐका. मी आकडे छापतो. छापखान्यात मला नंबरिंग मशीन म्हणतात, पण मशीन म्हणावं एवढं माझं अंग नाही. काड्यापेटीएवढा पोलादी चौकोन, त्याच्या आत एका दांडीवर ओळीनं बसवलेली सहा चाकं, आणि प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ. माझ्यावर एकदा दाब पडला की कागदावर आकडा उठतो आणि एककाचं चाक एक घर पुढं सरकतं. नवानंतर शून्य आलं की शेजारचं दशकाचं चाक सरकतं. एवढंच माझं शहाणपण. पण तेवढं मी चोख करत आलो. एकोणचाळीसनंतर चाळीस, त्यात माझी रजा नाही आणि आज अंगात कणकण आहे ही तक्रारही नाही.

भोरच्या बाजारपेठेत आमचा छापखाना आहे. आताचा मालक इंद्रजित, त्याच्या वडिलांनी मला आणि माझ्या जोडीदाराला एकाच डबीतून पुण्याहून आणलं. आम्ही दोघं हुबेहूब सारखे. पावती पुस्तकात अर्धी पावती फाडून गिऱ्हाइकाला देतात आणि अर्धी पुस्तकातच राहते ना? दोन्ही अर्ध्यांवर एकच नंबर पडावा लागतो. त्यासाठी आम्हाला एकाच चौकटीत शेजारी शेजारी आवळून बसवतात. शाळेची फी, जत्रेतल्या पाळण्याची तिकिटं, तालमीची वर्गणी, आम्ही सगळ्याला नंबर घातले. आता छपाई नव्या ऑफसेट मशीनवर होते, डिझाइन मोबाईलवर येतं, पण नंबर टाकायचे म्हटलं की कोपऱ्यातलं जुनं ट्रेडल, म्हणजे एकेक कागद दाबून छापणारं यंत्र, अजून लागतं, आणि ट्रेडलला आम्ही लागतो.

आमचा सगळ्यात मानाचा धंदा म्हणजे सहकारी संस्थांच्या मतपत्रिका. विधानसभेला बटण दाबतात, पण खोऱ्यातल्या दूध संस्थांची, सोसायट्यांची निवडणूक अजून कागदावर होते. नावं, चिन्हं, आणि त्यावर फुलीचा शिक्का. तिथं मतदाराला फाडून देतात त्या मतपत्रिकेवर मागच्या बाजूला मी नंबर घालतो. पुस्तकात मागं राहते तिला स्थळप्रत म्हणतात. तिच्यावर मतदाराची सही किंवा अंगठा घेतात, आणि तिच्यावरचा नंबर माझा जोडीदार घालतो. दोन्ही नंबर एकच असले पाहिजेत. ते वेगळे निघाले तर ती मतपत्रिका बाहेरून आणलेली, म्हणजे बोगस, असंच कुणीही म्हणणार.

ट्रेडल चालवतात बाजीराव. चौतीस वर्षं झाली. त्यांची एक रीत होती. दर दहाव्या कागदाला ते ट्रेडल थांबवायचे, कागद उचलायचे, उजेडाकडं धरायचे आणि दोन्ही नंबर मोठ्यानं वाचायचे.

"स्थळप्रत एकशे वीस. मत एकशे वीस."

धाकटा मालक इंद्रजित या रितीला हसायचा. "काका, पाढे पाठ करताय का? नुसतं बघितलं तरी दिसतंय की."

"नुसतं बघताना डोळं लबाडी करत्यात," बाजीराव म्हणायचे. "जे असाय पायजे तेच बघत्यात. तोंडानं म्हणायला लागलं की मग खरं काय ते दिसतंय."

दुसरी रीत छापखान्याचीच होती. पन्नास कागद झाले की थांबायचं, आम्हा दोघांचे आकडे जुळतात का बघायचं आणि मगच पुढचे पन्नास घ्यायचे. पन्नासाचं एक पुस्तक बांधतात, म्हणून.

आता मूळ गोष्टीवर येतो. दरवर्षी खंडेनवमीला छापखान्यात आमची पूजा होते. इंद्रजितच्या पत्नी अश्विनीताई ताट घेऊन येतात, झेंडूचे हार घालतात, हळदकुंकू वाहतात. बाजीराव त्याच दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जायला निघतात. दसऱ्याला ते तिथं असतात, दोन-तीन दिवसांनी परत येतात आणि आल्या आल्या मला पेट्रोलच्या वाटीत बुडवून ब्रशनं स्वच्छ धुतात. आमच्याकडं ही वाटणी ठरलेली. जाताना ते अश्विनीताईंना म्हणायचे, "ताई, पूजा तुमी करा, आंघूळ मी घालतो." त्या हसायच्या आणि कुंकवाचं बोट जरा जास्तच दाबायच्या.

या वर्षीही दाबलं. लोखंडावर कुंकू टिकत नाही म्हणून त्यांनी ते खोबरेल तेलात कालवलं होतं. माझ्या बरोबर मधोमध, दशकाच्या चाकावर, त्यांनी प्रेमानं एक बोट टेकवलं. माझा जोडीदार ताटात मागं पडला होता, त्याच्या वाट्याला नुसत्या अक्षता आल्या. मी मनात म्हटलं, बघ, मान कुणाला मिळतो ते. तेव्हा मला काय ठाऊक, त्याच बोटानं माझा घात होणार आहे.

वेल्हे खोऱ्यातल्या एका दूध संस्थेची निवडणूक लागली होती. कागदोपत्री आता तो राजगड तालुका, पण बोलताना सगळे वेल्हेच म्हणतात. एका उमेदवाराच्या अर्जावरून वाद होता, तो अगदी दसऱ्याच्या तोंडावर मिटला. मतदान रविवारी. मतपत्रिका शनिवारी सकाळी पोचायलाच हव्यात. म्हणजे सगळं शुक्रवारी छापायचं, आणि बाजीराव तर नागपुरात. इंद्रजितनं स्वतः आम्हाला चौकटीत आवळलं. फडक्यानं पुसल्यासारखं केलं आणि ट्रेडल सुरू केलं. दिवाळीची पत्रकं, मिठाईवाल्यांचे खोके, सगळ्यांचे फोन एकसारखे चालू होते. दर दहाव्या कागदाला थांबायला कुणाला वेळ?

तीनशे एकोणचाळीसपर्यंत सगळं ठीक होतं. मग माझं एककाचं चाक नवावरून शून्यावर आलं, आणि दशकाच्या चाकानं सरकायला नकार दिला. ते कुंकू तोवर शाईत मिसळून चिवट झालं होतं. मी चाळीस म्हणायला गेलो आणि माझ्या तोंडून तीनशे तीस आलं.

मित्रांनो, मला धक्काच बसला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी खोटं बोललो होतो, आणि ट्रेडल तर थांबत नव्हतं. शेजारी जोडीदार बरोबर सांगत होता: तीनशे चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. मी सांगत होतो: तीनशे तीस, एकतीस, बत्तीस. एकाच कागदावर दोन नंबर. असे दहा कागद गेले. अकराव्याला चाक कसंबसं सुटलं आणि माझ्या तोंडून तीनशे चाळीस निघालं, पण त्या कागदाच्या स्थळप्रतीवर जोडीदारानं साडेतीनशे छापलं होतं. पन्नासाचं पुस्तक तिथं संपलं आणि इंद्रजितनं ट्रेडल थांबवलं.

त्यानं आमच्याकडं बघितलं. जोडीदार तीनशे एक्कावन्नवर उभा होता. मी तीनशे एक्केचाळीसवर.

त्यानं ते पाहिलं, मित्रांनो. मला अजून आठवतंय, त्याची नजर माझ्यावर थांबली, मग जोडीदारावर गेली, मग पुन्हा माझ्यावर आली. मी वाट बघत होतो की आता तो शेजारचा गठ्ठा उचलेल, मागचे पन्नास कागद चाळेल. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. त्यानं फोन घेतला, "चारपर्यंत देतो" म्हणाला, सुईनं माझं दशकाचं चाक एक घर पुढं ढकललं, तेलाचा एक थेंब सोडला आणि ट्रेडल सुरू केलं. पुढं मी बाराशेपर्यंत एकदाही चुकलो नाही. पुस्तकं बांधली गेली. बांधताना शिलाईच्या बाजूचे, म्हणजे स्थळप्रतीचेच नंबर तपासले, आणि ते सगळे बरोबर होते. इंद्रजितनं तपासणीच्या दाखल्यावर सही केली.

रविवारी दुपारच्या आधी बाजीराव एसटीतून उतरून घरी न जाता थेट छापखान्यात आले. मला धुतल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही. त्यांनी मला चौकटीतून काढलं, चष्मा वर केला आणि दशकाच्या चाकाजवळ काळसर लाल गाठ पाहिली.

"ह्यो असाच चालवला?" त्यांनी विचारलं.

"चालला की व्यवस्थित," इंद्रजित खाली बघत म्हणाला.

बाजीरावांनी वाटीत पेट्रोल ओतलं. मला दोन बोटांत धरलं. एवढ्यात इंद्रजितचा मोबाईल वाजला. हात शाईचे होते म्हणून त्यानं तो स्पीकरवर टाकला.

फोन त्याच खोऱ्यातल्या पासली गावच्या शाळेतून होता. तिथल्या मतदान केंद्रावरच्या निवडणूक अधिकारी शुभांगी मॅडम बोलत होत्या. त्यांचा आवाज शांत होता, पण पाठीमागं गलका चालला होता.

"मला एकच सांगा," त्या म्हणाल्या. "स्थळप्रतीवर एक नंबर आणि मतपत्रिकेवर वेगळा नंबर, असं छपाईत होऊ शकतं का? इथं एका आजीबाईंच्या हातात तीनशे चाळीस नंबरची मतपत्रिका निघाली आहे. त्यांचा अंगठा आहे साडेतीनशेच्या स्थळप्रतीवर. आणि तीनशे चाळीसवर दुसऱ्याच माणसाची सही आहे."

बाजीरावांचा हात वाटीवरच थांबला. इंद्रजितनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "नाही मॅडम. शक्यच नाही."

"मग फार अवघड आहे," मॅडम म्हणाल्या. "आजींवर तक्रार घ्यावी लागेल. सभासदत्वही जाईल." फोन बंद झाला.

 चूक माझी. लपवली इंद्रजितनं. आणि फास कुणाच्या गळ्यात? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी डोळ्यांनी बघत होतो.

"काका, धुऊन टाका तो," इंद्रजित हलक्या आवाजात म्हणाला. "मतपत्रिका छापणाऱ्यांच्या यादीतून आपलं नाव गेलं तर परत लागायचं नाही."

बाजीरावांनी पेट्रोलची वाटी लांब सरकवली. खिशातला रुमाल काढला, मला तसाच, न धुता, त्यात गुंडाळला आणि वरच्या खिशात ठेवला. "गाडी काढ," ते म्हणाले. "न्हाईतर मी कापूरहोळपातूर टेम्पोनं जातो आन् तिथनं बघतो काय घावतंय ते. पर जाणार."

इंद्रजितनं गाडी काढली.  कापूरहोळला चहाला थांबू का एवढंच त्यानं विचारलं, आणि बाजीराव नको म्हणाले. नसरापूर गेलं, वेल्हे गेलं, पुढं रस्ता खराब लागला. प्रत्येक खड्ड्याला मी खिशात आपटत होतो आणि मला घाम फुटायचा तेवढा बाकी होता. कारण माझ्या पोटातली ती गाठ हाच सखूबाईंचा एकमेव पुरावा होता, आणि ती मला भुरभुर सुटताना जाणवत होती.

हो, आजींचं नाव सखूबाई. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही चढलो तेव्हा लोकांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. सखूबाई सत्तरीच्या. दोन म्हशी, रोजचं चार लिटर दूध. त्यावरच त्यांचं घर चालतं. सकाळचं दूध घालून त्या मत द्यायला आल्या. अंगठा दिला, मतपत्रिका घेतली, फुली मारली. हाताला गवत कापून भेगा पडलेल्या, त्यांना कागदाची घडी नीट घालता येईना. पेटीपाशी कागद हातातून सुटला आणि जमिनीवर पालथा पडला. मागचा नंबर वर आला. शेजारी एका पॅनेलचा प्रतिनिधी गोरख बसला होता. त्यानं सकाळीच चिमाजी नावाच्या म्हाताऱ्यावर आक्षेप घेतला होता, यादीत वय चुकीचं आहे म्हणून, आणि त्याची तीनशे चाळीस नंबरची स्थळप्रत वहीत टिपून ठेवली होती. जमिनीवर तोच नंबर बघून तो ताडकन उठला.

एक जुनी चोरी आहे, मित्रांनो. एक माणूस आपली मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर नेतो. बाहेर कुणीतरी त्यावर फुली मारून ती दुसऱ्या मतदाराच्या हातात देतो. तो मतदार आत जाऊन ती पेटीत टाकतो आणि स्वतःची कोरी बाहेर आणतो. गोरखचं म्हणणं असं की चिमाजीनं आपली मतपत्रिका बाहेर नेली आणि ती सखूबाईंनी आत आणली. मग साडेतीनशे नंबरची कोरी कुठं आहे? लुगड्यात लपवली असणार. झडती घ्या.

मॅडमनी झडती घेऊ दिली नाही. पण सखूबाई स्वतःच उठल्या. भरल्या वर्गात, गावच्या लोकांसमोर, त्यांनी कमरेची पिशवी उलटी केली. मिश्रीची पुडी, किल्ली आणि दुधाचं पुस्तक खाली पडलं. मग त्यांनी पदर झटकला. त्यातून काहीच पडलं नाही. ज्या अधिकाऱ्यानं ती मतपत्रिका फाडून दिली होती त्याला आता काही आठवत नव्हतं. मतपत्रिकांच्या पाठीवर अधिकाऱ्यानं करायच्या पन्नास सह्या त्यानं सकाळीच एका दमात करून टाकल्या होत्या, नंबर न बघता.

चिमाजीला तर हसावं की रडावं कळेना. "आरं गोरख, सखूचं आन् माझं बांधावनं बारा वर्सं बोलणं न्हाई," तो म्हणत होता. "तिच्या हातात मी माझं मत देईन? मी पाणी बी देणार न्हाई." पण रागाच्या भरात ऐकतं कोण?

आम्ही पोचलो तेव्हा दोन तास झाले होते. पुढचं पुस्तक उघडून बाकीच्यांचं मतदान सुरू होतं, आणि ते नंबर बरोबर होते. सखूबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मत द्यायला येणारी माणसं त्यांच्याकडं बघत होती आणि लगेच दुसरीकडं बघत होती.

बाजीरावांनी मॅडमसमोर रुमाल सोडला आणि मला टेबलावर ठेवलं. "ह्यो ठोकळा अडकतोय मॅडम. पूजेचं कुंकू बसलंय आत. चूक हितं झालीया. म्या दाखवतो." इंद्रजित बाहेर फाटकापाशीच गाडीजवळ उभा राहिला होता.

बाजीरावांनी सुईनं माझे आकडे तीनशे छत्तीसवर आणले. शिक्क्याच्या जांभळ्या पॅडवर मला टेकवलं आणि कोऱ्या कागदावर अंगठ्यानं दाबलं. सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. तीनशे छत्तीस. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.

मित्रांनो, माझी सगळी हयात बरोबर आकडा देण्यात गेली. त्या क्षणी मी पहिल्यांदा मनापासून म्हटलं, आता चुकू दे. अडक बाबा. तीनशे तीस दाखव. लोक मला भंगार म्हणाले तरी चालेल, पण त्या बाईचं नाव राहू दे. बाजीरावांनी अंगठा दाबला.

तीनशे चाळीस.

पुन्हा केलं. तीनशे चाळीस. तिसऱ्यांदा केलं. तीनशे चाळीस. खड्ड्यांनी ती गाठ फोडली होती, आणि कुंकवाचे चार कण तेवढे कागदावर सांडले. मी इतका सुरेख कधी चाललो नव्हतो. त्या एवढ्याशा चोख आकड्याची मला जी लाज वाटली तशी कशाचीच वाटली नाही.

"झकास चालतंय की," गोरख म्हणाला. "आता काय कुंकवाला साक्षीला बोलावता का?"

बाजीरावांनी मला पुन्हा पॅडवर टेकवलं. दारातून सखूबाईंचा आवाज आला. त्या आत आल्या नव्हत्या, उंबऱ्यावरच उभ्या होत्या.

"मॅडमबाई, नाव काडायचं तर काडा," त्या म्हणाल्या. "दूध मी कुठं तरी घालीन. पर चोरी केली म्हणून नका काडू. माझ्या दुधात आजवर कुणाला पाणी घावलं न्हाई. म्हातारी झाली, आता येऊ नगस म्हणा, आन् काडा."

 मग फाटकापासून वाळूवर पावलं वाजली. इंद्रजित आत आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"तो आज बरोबर चालतोय," तो म्हणाला. "शुक्रवारी चालत नव्हता. मी बघितलं होतं."

"फोनवर तुम्ही शक्यच नाही म्हणालात," मॅडम म्हणाल्या.

"खोटं बोललो. पुस्तक संपलं तेव्हा हा दहानं मागं होता. मी आकडा पुढं सरकवला आणि मागचे कागद बघितलेच नाहीत."

गोरख उसळला. "आता हे सांगतोयस? कशावरनं खरं?"

इंद्रजितनं टेबलावरचा कागद ओढला आणि पेननं लिहायला लागला. लिहिता लिहिता बोलत होता. "पेटी उघडाल तेव्हा तीनशे तीस ते तीनशे एकोणचाळीस हे नंबर दोन-दोन निघतील. तीनशे एक्केचाळीस ते साडेतीनशे यातला एकही निघणार नाही. तीनशे चाळीस एकच आहे, आणि ती आजींच्या हातातली. पेटी बंद आहे. मी आत हात घातलेला नाही. यातलं एक जरी चुकलं तरी मला पोलिसात द्या."

मॅडमनी तो कागद पाकिटात घातला. दोन्ही पॅनेलच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या आणि पाकीट सील केलं. सखूबाईंची मतपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवली. चार वाजता मतदान संपलं. मोजणी तिथंच होती. मॅडमनी आधी सगळ्या मतपत्रिका पालथ्या करून नंबरानं लावायला सांगितल्या आणि नंबर वाचायचं काम गोरखला दिलं.

तो खड्या आवाजात वाचायला लागला. तीनशे अठ्ठावीस. तीनशे एकोणतीस. तीनशे तीस. "आणखी एक तीनशे तीस." तीनशे एकतीस. आणखी एक. तेहेतिसाच्या जोडीपर्यंत त्याचा आवाज खाली आला. एकोणचाळिसाची जोडी त्यानं नुसती उचलून दाखवली. मग गठ्ठ्यात पुढचा नंबर निघाला तो थेट तीनशे एक्कावन्न. मॅडमनी पाकीट फोडलं आणि इंद्रजितचा कागद मोठ्यानं वाचला. एक अक्षर इकडंतिकडं नव्हतं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मघा झडती घ्या म्हणून ओरडलेली माणसं दाराबाहेरच्या चपला शोधायला लागली.

गोरख वाईट नव्हता. तो चहाचा पेला घेऊन स्वतः व्हरांड्यात गेला आणि सखूबाईंपुढं धरला. त्याच्यामागं इंद्रजितही गेला. "आजी, माझं चुकलं," तो म्हणाला. "आता सगळं निस्तरलं. तुमचं नाव कुठंच लागणार नाही."

सखूबाईंनी पेला घेतला नाही. "लागलं न्हाई कसं," त्या म्हणाल्या. "आख्खी दुपार समदं गाव मला चोर म्हणून बघून गेलं. ते तुजा कोणता कागद खोडणार?" आणि त्या दुधाची वेळ झाली म्हणून उठून गेल्या.

नंबर जुळत नसल्यानं पासलीचं मतदान रद्द झालं. पुढच्या रविवारी फेरमतदान ठरलं. मतपत्रिका दुसऱ्या छापखान्यानं छापल्या, कारण आमचं नाव यादीतून गेलं. इंद्रजितनं त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही. हल्ली साधी पावती पुस्तकं असली तरी तो दर दहाव्या कागदाला ट्रेडल थांबवतो आणि दोन्ही नंबर मोठ्यानं वाचतो. बाजीराव ऐकतात. अश्विनीताईंना मात्र कुणीच काही बोललं नाही, आणि बोलू नये. प्रेमानं टेकलेल्या बोटाचा दोष नसतो. दोष न बघणाऱ्या डोळ्यांचा असतो, आणि बघून गप्प बसलेल्यांचा तर त्याहून मोठा.

फेरमतदानानंतर आठवड्यानं चिमाजी भोरच्या बाजाराला आला आणि वाट वाकडी करून छापखान्यात शिरला. बाजीरावांनी त्याला स्टूल दिलं.

"झालं नीट मतदान?" इंद्रजितनं विचारलं.

"झालं की. समदे नंबर जुळलं. मॅडम पान फाडायच्या आदी दोनदा वाचत हुत्या."

"आणि सखूआजी?"

चिमाजीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "न्हाई आली. चार वाजाय आलं तवा म्या सोता बोलवाया गेलो. बारा वर्सांनी तिच्या दारात पाय ठेवला. म्हणलं, सखू, चल, तुझ्यावर कुणाचा डाग न्हाई आता. दूध घालाय रोज जातीस, मग हितं का न्हाई? तर म्हणली, मत द्यायचं भ्या न्हाई रं चिमाजी. कागद हातात घ्यायचं भ्या वाटतंय."

इंद्रजित ट्रेडलकडं वळला. मी त्याच्या समोर चौकटीत होतो, धुतलेला, पुसलेला, एकूण एक चाक सरळ. माझा आकडा आता कुठंही अडकत नाही. पण फेरमतदानाच्या एका स्थळप्रतीवर सखूबाईंच्या अंगठ्याची जागा रिकामी राहिली, आणि ती माझ्या कुठल्याच आकड्यानं भरणार नाही.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मी चुकणार, अडकणार, आणि वर तोंड करून बरोबरही चालून दाखवणार. मला काही बोलता येत नाही, तुम्हाला येतं. एक दिवस तुमच्या हातून चूक होईल आणि ती फक्त तुम्हालाच दिसलेली असेल. तेव्हा नुसता आकडा पुढं सरकवून मोकळे होऊ नका. मागची पन्नास पानं उघडून बघा. त्यातल्या एका पानावर कुणीतरी म्हातारी विश्वासानं अंगठा उठवणार असते.